पाचट पेटवण्याआधी हिशेब मांडा

संपादक महोदय,

ऊसतोड पुढे सरकते तसा वाळवा, पलूस, कराड भागात रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या फडातून धूर उठतो. पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, जाळू नका, रानातच कुजवा म्हटले की उत्तर ठरलेले असते, 'हवामानाचं सरकारनं बघावं, आमच्या खिशाला खार कशाला?' २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत उभा ऊस पाण्याखाली गेला त्या गावांतही हेच ऐकू येते, याचे फार वाईट वाटते.

एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट निघते. त्यात अर्धा टक्का नत्र (नायट्रोजन) धरले तरी १५ ते २० किलो होते, म्हणजे युरियाचे पाऊण ते एक पोते. काडी लावली की यातले बहुतेक नत्र हवेत जाते आणि जमिनीला कस देणारा सेंद्रिय कर्बही (कार्बन) जळतो. कुजवायला एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक पुरते. युरियाचे दोनशे रुपयेही होत नाहीत. खरा खर्च मजुरीचा आहे आणि लोक नेमकी तीच वाचवतात.

बुडख्यांवरचे, म्हणजे तोडीनंतर राहिलेल्या खुंटांवरचे, पाचट सरीत ओढले नाही तर कोंब दबतात, खोडवा (त्याच बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक) विरळ येतो आणि बोल पाचटाला लागतो. बुडखे जमिनीलगत छाटावेत. उंच राहिले तर वरचे डोळे फुटतात आणि ते फुटवे कमजोर निघतात. छाटणीनंतर लगेच लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घेऊन बुडख्यांवर फवारावे. युरियात काटकसर केली तरी फसते. पाचटात कर्ब भरपूर, नत्र थोडे. जिवाणू कमी पडणारे नत्र मातीतून ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. संवर्धक भर उन्हात कोरड्या पाचटावर टाकणे म्हणजे ते वाया घालवणे. कुजलेल्या शेणखतात मिसळून उन्हे उतरल्यावर पसरावे, पाणी द्यावे आणि वाफसा आला, म्हणजे जादा पाणी मुरून रान चालण्याजोगे झाले, की पाचट पायाने दाबावे, म्हणजे ते ओल्या मातीला चिकटते. पुढची खते पहारीने, बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर द्यावीत.

जाळल्याने हुमणी (मुळे खाणारी अळी) मरते, हा समज खोटा आहे. ती मातीत खोल असते, तिथवर आच पोहोचत नाही.

जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड उसाने हवेतूनच घेतलेला असतो, हे खरे. पण काजळी, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड ही वरची भर आहे. शिवाय झाकलेल्या सरीत ओल टिकते, पाण्याच्या पाळ्या कमी होतात, मोटार कमी चालते; आणि आपली वीज अजून मुख्यतः कोळशावरची आहे. कृष्णाकाठच्या चोपण, म्हणजे पाणी न मुरणाऱ्या क्षारयुक्त, रानात मात्र आधी निचरा हवा. पाणी तुंबले तर पाचट सडते आणि उलट मिथेनच वाढतो.

एका सालापुरते रान करणाऱ्या वाटेकऱ्याला कर्बाचा फायदा मिळत नाही. त्याची तक्रार रास्त आहे, तिथे छाटणीची मजुरी मालकाने द्यावी. कारखान्यांनी संवर्धक तोडीआधी गट कार्यालयात पोहोचवून बिलातून पैसे कापावेत. आणि शेजारच्या काडीने आपले पाचट पेटू नये म्हणून बांधालगतच्या दोन सऱ्या मोकळ्या ठेवून आधी भिजवाव्यात.

एक कृषी पदवीधर, ता. वाळवा, जि. सांगली