तुम्ही फोन केला नाहीत, त्याबद्दल आभार

आदरणीय हवालदारसाहेब,

स. न. वि. वि.

हे पत्र घरी आणून दिलं असतं तर तुम्ही चहा पाजून ते माझ्याच खिशात परत घातलं असतं, म्हणून उघड लिहितोय. दुसरं कारण असं की आपल्या गल्लीत सध्या तुमच्याबद्दल एक वाक्य फिरतंय. "आख्खी नोकरी वाहतूक शाखेत काढली, आणि शेजारच्या पोराचं पाचशेचं चलन मिटवता आलं नाही." ते वाक्य माझ्या नातवावरून निघालंय, तेव्हा उत्तरही आमच्याच घरातून जायला पाहिजे. मी सांगतोय, तो मोबाईलवर टाईप करतोय. मध्येच "ताता, हे नको ना" म्हणतो, पण मी काही काढू देत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नातवाला अठरा पूर्ण झाली, आरटीओत आठचा आकडा काढून त्यानं लायसन मिळवलं. स्कूटर माझ्या नावावर, आरसी बुकाला मोबाईल नंबरही माझाच. मित्राला मागं बसवून तो सात रस्ता चौकात लाल दिव्यात घुसला आणि चलन फाटलं. मेसेज आला माझ्या फोनवर, इंग्रजीत. आता आमच्या घरात माझे मेसेज वाचतो कोण? हाच. पेन्शनचा असो, गॅसचा असो, मी फोन त्याच्यापुढं धरतो आणि तो सांगतो. एकदा बोट दाबून तो मेसेज उडवला असता तर मला जन्मात कळलं नसतं.

रात्रीची जेवणं झाली होती. म्हातारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. यानं मेसेज वाचला आणि म्हणाला, "ताता, पोलिसांचं चलन आहे. स्कूटरवर मी होतो. सिग्नल लाल होता." एवढंच. पिवळा होता, मागचा हॉर्न मारत होता, मित्र घाई करत होता, असलं काही त्यानं पुढं जोडलं नाही. (मित्र "जाऊ दे बे, कोण बघतंय" म्हणाला होता, हे मला पुढं त्या मित्राकडूनच कळलं.) म्हातारीचे हात थांबले. पाचशे म्हणजे किती विड्या, तो हिशेब तिनं मनात केला असणार.

घरात मग रीतसर चर्चा झाली. थोरला मुलगा पुण्याला कंपनीत, त्याला फोन गेला, तिकडून आरडाओरडा झाला. धाकट्यानं तोडगा काढला, "हवालदार शेजारीच आहेत की. एक फोन लावतील, विषय संपला." दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुतण्याला घेऊन तुमच्याकडं आला. मीही मागून येऊन तुमच्या ओट्यावर बसलो. त्यामुळं पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलंय, गल्लीसारखं तिसऱ्याच्या तोंडून नाही.

तुम्ही आधी विचारलंत, "लायसन आहे का?" त्यानं काढून दाखवलं. मग म्हणालात, "मेसेज दाखव." तो मेसेजमधली लिंक दाबणार तेवढ्यात तुम्ही त्याचा हात धरलात. चलनाच्या नावानं खोटे मेसेज येतात, व्हॉट्सॲपवर एपीके फाईल येते, ती उघडली की फोन त्यांच्या ताब्यात जातो आणि खातं रिकामं होतं, हे तुम्ही त्याला तिथंच सांगितलंत. सरकारी साईट कशी उघडायची, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे की नाही हे कसं बघायचं, तिथं गाडीचा नंबर टाकून खरं चलन आहे का हे कसं तपासायचं, ते त्याच्याच हातानं करून घेतलंत. एमएच १३ पासून पुढचा सगळा नंबर त्यानं टाकला. चलन खरं निघालं, फोटोही निघाला. पांढरा पट्टा मागं, स्कूटर पुढं, वरती लाल दिवा, आणि आमचे चिरंजीव मान मागं वळवून मित्राशी बोलताहेत.

"हा तूच ना?"

"हो काका."

धाकट्यानं तेवढ्यात विषय काढला. तुमचं उत्तर मला शब्दाशब्दासह पाठ आहे. "ई-चलन फोनवर मिटत नाही. आणि मिटत असतं तरी मी फोन केला नसता." धाकटा जरा वरमला, तरी मागं हटला नाही. "मग लोकअदालतीपर्यंत थांबू. तिथं निम्म्यावर येतं म्हणतात." तुम्ही त्याच्यावर चिडला नाहीत. लोकअदालत कायद्यानंच आहे, जायचं तर जावा म्हणालात. चलन चुकीचं असेल, दुसऱ्याच गाडीचं असेल, कुणी नंबर प्लेटची नक्कल केली असेल, तर वाहतूक पोलिसांच्या ॲपवर तक्रारीची सोय आहे, मी स्वतः लिहून देतो म्हणालात. आणि मग धाकट्याला सोडून पोराकडं वळलात. "बोल, तुझी तक्रार काय आहे?"

पोरगा म्हणाला, "माझी काहीच तक्रार नाही."

तिथं तुम्ही शाबासकी दिली असती तर मला बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू. तुम्ही दिली नाहीत. उलट फोटो बोटांनी मोठा केलात आणि म्हणालात, "दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. त्याचं चलन आलेलं नाही. म्हणून ते चालतंय असं समजू नको." पोराचा चेहरा उतरला. धाकट्याचाही, कारण तो स्वतः हेल्मेट पेट्रोलच्या टाकीवर ठेवून फिरतो. (मी तर टोपीवाला. एप्रिल-मे मध्ये आपल्या सोलापुरात डोक्यावर हेल्मेट म्हणजे तापलेला तवा, असं माझं मत होतं. अजूनही थोडं आहे.)

माझ्याशीही तुम्ही बोललात. चलन मालकाच्या नावावर येतं, म्हणून मी भरून टाकीन आणि पोरगं मोकळं होईल, हे तुम्ही ओळखलं असणार. पोलिसांनी विचारलं तर त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे मालकानं सांगायलाच पाहिजे, मोटार वाहन कायद्यात कलम १३३ त्यासाठीच आहे, असं सांगितलंत. आणि तो अठराच्या आतला असता तर काय झालं असतं तेही सांगितलंत. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९-अ आलं. त्यात मुलाच्या पालकाला किंवा गाडीच्या मालकाला गुन्हेगार धरतात, ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. मी ओट्यावर बसल्या बसल्या घामाघूम झालो. आपल्या गल्लीत मिसरूड न फुटलेली किती पोरं गाड्या उडवतात, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

पण ज्यासाठी हे सगळं लिहितोय, ते त्या संध्याकाळी झालं. तुम्ही चप्पल घालून आमच्या दारात आलात आणि म्हणालात, "चल रे, सात रस्त्यावर जाऊन येऊ. गाडी नको, चालत." मला वाटलं तुम्ही त्याला चौकातल्या पोलिसांपुढं उभं करणार. तुम्ही त्याला फुटपाथवर उभं केलंत आणि नुसतं बघायला सांगितलंत. मी दोन पावलं मागं होतो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण नातू माझा आहे.

या चौकातून इतकी वर्षं जातोय, पण असं थांबून मी कधी बघितलं नव्हतं. पिवळा लागला की शेवटची दोन-चार पोरं गाडी पिळतात. आणि ज्यांचा हिरवा लागायचा असतो ते त्याच्या आधीच क्लच सोडून पट्ट्याच्या पुढं सरकलेले असतात. म्हणजे एकीकडून उशिरा जाणारा आणि दुसरीकडून लवकर निघणारा, दोघं चौकाच्या बरोबर मध्यावर एकाच वेळी पोचतात. दोघांनाही वाटतं की आता माझीच पाळी. "अपघात हिरव्यात होत नाही आणि लालातही होत नाही, ह्या मधल्या दोन सेकंदांत होतो," असं तुम्ही म्हणालात. त्यात सात वाटा. कुठून कोण येईल ते उभं राहूनही कळत नाही, चालत्या गाडीवर काय कळणार?

तेवढ्यात केळीचा हातगाडीवाला आला. तुम्ही पोराला कोपरानं खुणावलंत. त्या माणसानं सिग्नल बघितला, तळहात धोतराला पुसले आणि गाडी ढकलली. भरलेली हातगाडी आधी हलत नाही, आणि हलली की मध्येच थांबवता येत नाही. तो निम्म्यावर पोचला आणि दिवा बदलला. त्याची चूक काहीच नाही, त्याला तेवढा वेळ लागतोच. एक बुलेट त्याच्या चाकाला घासून गेली. बुलेटवाला शिवी देऊन गेला, केळीवाल्यालाच. दोन फण्या रस्त्यावर पडल्या, त्याला वाकून उचलताही येईना. नातू पळत गेला, उचलून आणल्या, परत येऊन तुमच्या शेजारी उभा राहिला. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. तो मात्र म्हणाला, "काका, त्या दिवशी मी मागं बघत होतो. समोर कोण होतं ते मला अजून माहीत नाही."

साहेब, हयातभर मी पूर्व भागात यंत्रमागावर उभा राहिलो. चादर उतरली की तपासणीला जाते. तार तुटून फट पडली असेल तर ती सेकंड म्हणजे दुय्यम मालात काढतात आणि विचारतात, कोणत्या मागाची? चांगला विणकर विचारायच्या आधी सांगतो, माझ्या मागाची. मुकादम ओळखीचा आहे म्हणून जो लपवतो, त्याच्या पुढच्या चादरीतही तीच फट सापडते. तुम्ही त्या सकाळी ओळखीतला फोन लावला असता तर माझ्या नातवाचं तेच झालं असतं. त्यानं रात्री आपण होऊन खरं सांगितलं होतं, आणि आम्ही घरची मोठी माणसं ते पुसायला निघालो होतो. तुम्ही ते पुसू दिलं नाहीत.

पैसे भरतानाही तुम्ही अट घातलीत, "आजोबांच्या खात्यातून नको, तुझ्या." सुट्टीच्या दिवशी तो टॉवेलच्या कारखान्यात घडी-पॅकिंगला जातो, त्यातले होते. त्यानं आपल्या फोनवरून पाचशे भरले, पावती झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली आणि प्लास्टिकच्या पिशवीत आरसी बुकासोबत डिकीत ठेवली. पुन्हा तोच गुन्हा झाला तर दीड हजार, हे त्यानं पावतीच्या मागं पेनानं लिहून ठेवलंय. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पाचशे जास्त आहेत, हे माझं मत मात्र मी बदललेलं नाही. पूर्वी ह्याच चुकीला शंभर होते. २०१९ मध्ये कायदा बदलला, महाराष्ट्रात नवे दर लागू व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडला, आणि मजुराची दिवसभराची कमाई एका दिव्यात जायला लागली. तुम्ही त्यावर म्हणालात, "शंभर होते तेव्हा लोक शंभर हातात धरूनच सिग्नल तोडायचे." ह्यावर आपलं भांडण होऊ शकतं. ते कट्ट्यावर करू.

हेल्मेटचं सांगायचं राहिलं. रस्त्याकडेला झाडाखाली टांगलेलं स्वस्तातलं त्यानं आधी बघितलं होतं. तुम्ही आयएसआय मार्क बघूनच घ्यायला सांगितलंत, म्हणून तो पुढच्या पगाराला थांबला आणि तोवर कॉलेजला सिटी बसनं गेला. बसची वाट बघून वैतागायचा, पण गेला. आता मागं बसणाऱ्या मित्रालाही तो हेल्मेटशिवाय बसू देत नाही, त्यामुळं मित्र सध्या रुसलाय. बसेल थोडे दिवस दुसऱ्याच्या गाडीवर.

तर गल्लीतल्या मंडळींनो, हवालदारसाहेबांनी काय केलं ते आता तुम्हाला कळलं असेल. रिटायर झालेल्या माणसानं, गुडघे दुखत असताना, एका पोरासाठी आख्खी संध्याकाळ चौकात उभं राहून काढली. त्याला दम दिला नाही, लाज काढली नाही, आमच्यासमोर कौतुकही केलं नाही. साहेब, म्हातारीनं शेंगा चटणी कुटून ठेवलीय आणि कडक भाकरीची चवड बांधलीय. सूनबाई घेऊन येईल. ती परत पाठवलीत तर म्हातारी स्वतः येईल, आणि मग मी मध्ये पडणार नाही.

आता एक विनंती. आमच्या समोरच्या घरातला पोरगा अजून सोळाचाच आहे आणि रोज बापाची मोटारसायकल घेऊन कन्ना चौकापर्यंत जातो. बापाला मी कलम १९९-अ सांगितलं तर तो मलाच म्हणतो, "ताता, तुम्ही तुमचं बघा." तुमचं तो ऐकेल. येत्या रविवारी संध्याकाळी तुम्ही मोकळे असाल तर बाप-लेक दोघांनाही घेऊन येतो. नातूही येणार म्हणतोय. तुमच्यासाठी घडीची खुर्ची तोच उचलून आणेल, ह्या वेळी तुम्ही बसून बोला.

आपला,
शेजारचा ताता
(पूर्व भाग, सोलापूर)