एमसीएचसी ५० दिसलं, तर रक्त कोमट करून पुन्हा तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे आणि नवी मुंबईत हल्ली बहुतेकांचं रक्त घरी येऊन नेतात. मुलगा सकाळी येतो, नळ्या भरतो, बर्फाच्या पिशव्या ठेवलेल्या पेटीत टाकतो आणि दुपारी मोबाईलवर रिपोर्ट येतो. यात वाईट काही नाही. पण थोडे रुग्ण असे असतात, की त्यांचं रक्त गार झालं की नळीतच तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून पुंजके होतात. हे रक्त गोठणं नव्हे. शरीरानेच स्वतःच्या पेशींविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं थंडीत त्या पेशींना धरतात. या प्रतिपिंडांना कोल्ड ॲग्लुटिनिन म्हणतात.

मी निवृत्त लॅब टेक्निशियन आहे. हे पत्र लिहायला बसले ती माझ्या ऐरोलीच्या वहिनीमुळे. साठी ओलांडलेली, हिंडतीफिरती बाई. जिना चढताना धाप लागू लागली, डोळे पिवळट दिसू लागले. शेजारणींनी कावीळ ठरवून गावठी औषधाचा पत्ताही दिला. एसीत बसलं की बोटांची टोकं निळी पडायची आणि एखाद्या सकाळी लघवी कोऱ्या चहासारखी व्हायची. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ८.१, पेशी मोठ्या झाल्याचा आकडा ११५, आणि एमसीएचसी, म्हणजे तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन किती दाट आहे तो आकडा, ५०! पेशी मोठ्या दिसतात म्हणून बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली, जोडीला लोहाच्या गोळ्या. हिमोग्लोबिन काही हललं नाही.

एमसीएचसी साधारण ३२ ते ३६ असतं. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन मावायला मर्यादा असते, त्यामुळे ५० हा आकडा खरा असूच शकत नाही. मशीन चिकटलेल्या पेशींचा पुंजका एकच पेशी म्हणून मोजतं. म्हणून पेशींची संख्या खोटी कमी येते, आकार खोटा मोठा येतो आणि एमसीएचसी आभाळाला भिडतं. अशा वेळी नळी ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवायची, लगेच पुन्हा मशीनला लावायची आणि स्लाइड डोळ्यांनी बघायची. वहिनीचं रक्त दुसरीकडे असंच कोमट करून तपासलं तेव्हा एमसीएचसी ३३ आलं. हिमोग्लोबिन मात्र तेवढंच राहिलं, कारण ते खरंच कमी होतं. पेशी शरीरात फुटत होत्या.

पुढे डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट झाली, म्हणजे तांबड्या पेशींना प्रतिपिंडं वगैरे चिकटली आहेत का ते पाहिलं. कूम्ब्स, मौरंट आणि रेस यांनी १९४५ साली मांडलेली ही तपासणी आजही पेशी फोडणारा हा ॲनिमिया ओळखायला पहिली लागते. तो ॲनिमिया गरम प्रकारचा (प्रतिपिंडं शरीराच्या तापमानालाच पेशींना धरतात) की थंड (गारव्यात धरतात), हे कळणं फार गरजेचं आहे. गरम प्रकारात स्टिरॉइड चांगलं काम करतं, थंड प्रकारात सहसा करत नाही. कधी न्यूमोनियानंतर काही आठवडे हा त्रास होऊन आपोआप जातो, कधी त्याच्यामागे लिम्फोमासारखा आजार असतो. हे शोधायचं सोडून बी-१२ टोचत बसणं म्हणजे रुग्णाचे महिने वाया घालवणं. मला याचा मनापासून राग आहे, कारण कोमट पाण्याला पैसे पडत नाहीत.

आपल्याकडच्या सगळ्या लॅबना, दोन्ही महापालिकांच्या रुग्णालयांतल्या लॅबनाही, माझी कळकळीची विनंती आहे. एमसीएचसी ३८च्या वर दिसलं तर तो रिपोर्ट तसाच पाठवू नका. नमुना कोमट करून पुन्हा लावा आणि खाली शेरा लिहा, म्हणजे डॉक्टरांचं लक्ष जाईल. कोल्ड ॲग्लुटिनिनच्या तपासणीचं रक्त बर्फाच्या पेटीत मुळीच घालू नका. ते गार झालं की प्रतिपिंडं पेशींनाच चिकटून बसतात, सीरममध्ये, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात, उरत नाहीत आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. शक्य असेल तर रुग्णाला लॅबमध्येच बोलवा.

आणि ज्यांचं हे निदान झालं आहे त्यांनी कूम्ब्सचा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावावा. रक्त चढवायची वेळ आली तर ब्लड बँकेला आधीच सांगावं. रक्त जुळवायला त्यांना जास्त वेळ लागतो आणि ते वॉर्मरमधून, म्हणजे कोमट करणाऱ्या यंत्रातून, चढवावं लागतं. कुठलंही ऑपरेशन असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशी भेटून हे सांगावं, कारण ऑपरेशन थिएटर गार असतं.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
नौपाडा, ठाणे