बुडाचा व्रण म्हणजे वय नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील जुन्या वस्तूंवरच्या लेखात एक वाक्य खटकले. काचेच्या पेल्यात बुडबुडे असले आणि बुडाला खडबडीत व्रण असला, की पेला शेकडो वर्षांचा समजावा, असे त्यात म्हटले आहे. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी ३१ वर्षे काच फुंकली. या दोन खुणांवरून पेला हाताने केला एवढेच कळते. कधी केला, ते कळत नाही.

पुरावा माझ्या कपाटातच आहे. मुलगी जर्मनीत कलोनला असते. तिकडच्या एका मध्ययुगीन थाटाच्या बाजारातून मी ‘क्राउटश्ट्रुंक’ नावाच्या पेल्याची नवी नक्कल आणली. नावाचा अर्थ कोबीचा दांडा. १५व्या-१६व्या शतकात जर्मन मुलखात हा पेला फार चाले. बुटका, हिरवा, अंगावर काचेचे टपोरे गोळे. पाने खुडलेला दांडाच जणू. तिथे तेव्हा काट्याने जेवायची रीत नव्हती. ओशट हातातून पेला निसटू नये, हाही त्या गोळ्यांचा उपयोग.

जुने कारागीर सरपणासाठी भट्टी रानातच लावत, बीच झाडाची राख क्षार म्हणून घालत. वाळूत लोह असे, त्याने काच हिरवी होई. भट्टी रानात, म्हणून तिचे नाव ‘वाल्डग्लास’, रानकाच. आजची वाळू इतकी स्वच्छ, की नकलेत लोह मुद्दाम घालतात. बुडबुडेही मुद्दाम राखतात! बुडबुडा दिसला की नळी मोडीत टाकण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. मला हसूच आले.

व्रणाचेही तसेच. पेल्याचे तोंड घडवताना बूड लोखंडी सळईला चिकटवतात. सळई तोडली की व्रण उरतो, तेव्हाही आणि आजही.

पाहायचेच असेल तर दहापटीच्या भिंगाने बुडाची कड पाहावी. वर्षानुवर्षे टेबलावर ठेवलेल्या पेल्याला वेडेवाकडे, कमीजास्त खोल ओरखडे पडतात. पॉलिश पेपरने काढलेले ओरखडे बहुधा एकाच दिशेने जातात. जमिनीत पुरलेल्या रानकाचेला ओलीने पापुद्रे सुटतात, इंद्रधनुषी झाक येते. पण तशी झाक आम्लानेही आणता येते. एका खुणेवर पैसे मोजू नयेत.

माझ्या पेल्याच्या कारागिराने बुडाशी साल आणि आद्याक्षरे कोरली आहेत. प्रामाणिक माणूस. पण ती घासून काढायला दहा मिनिटे पुरतील, आणि मग आपल्या लेखातल्या कसोटीवर पेला थेट १५०० सालात जाऊन बसेल. कृपया पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी.

आम्ही त्यातून ताक पितो. गोळ्यांमुळे ओला हात घसरत नाही, हे मात्र खरे.

आपला,
एक निवृत्त काचकारागीर, पुणे