ताईच्या वर्गाबद्दल

इंदोरा, नागपूर

प्रिय बेटा,
जय भीम.

बांधकामावरच्या बायकांसाठी रविवारचा वर्ग काढतेस हे वाचून तुझ्या आईने अख्ख्या मोहल्ल्याला सांगून टाकलं. मोठ्या आत्या कशा शिकवायच्या, असं तू विचारलंस. शोकसभेतली भाषणं तू मोबाइलवर ऐकली असशीलच. ज्ञानाचा दिवा, सेवेची मूर्ती वगैरे. त्यातून तुझ्या कामाचं काही हाती लागायचं नाही. म्हणून मी जे पाहिलं ते लिहितो.

तुझी मोठी आत्या, म्हणजे माझी ताई, 87 वर्षं जगली. जुलै 1942 मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि बाबासाहेबांचं भाषण झालं. आमची आई ताईला कडेवर घेऊन तिथे गेली होती. आईला स्वतःची सही येत नव्हती, पण परिषदेहून आल्यावर पोरीला शाळेत घालायचंच, हे तिने ठरवून टाकलं. शाळा सुटली की ताई आईसोबत बिड्या वळायची. पुढे ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका झाली, आणि संध्याकाळी विहारात बायकांचा वर्ग घ्यायला लागली. या वर्गाचा तिला कधी पगार नव्हता.

वर्गातल्या बहुतेक जणी बिडीवाल्या. मजुरी हजारावर. कारखान्याचा मुनशी बिड्या मोजायचा, खराब म्हणून मूठभर बाजूला काढायचा आणि कार्डावर आकडा लिहायचा. काय लिहिलं ते बाईला कळायचं नाही. ताईने अ-आ-ई बाजूला ठेवलं आणि पहिल्या दिवशी त्यांचीच कार्डं मागितली. आधी अंक. आपण किती दिल्या, किती काढल्या, किती मांडल्या. महिनाभरात एकीने कार्ड हातात धरून मुनशीला विचारलं, हे आठशे कसे, मी तर हजार मोजून आणले होते. त्या संध्याकाळी वर्गात बसायला जागा उरली नाही.

दुसरी अडचण हातांची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. हात थांबला की मजुरी थांबली. मग ताई जमिनीवर खडूने हातभर मोठी अक्षरं काढायची. बायका वळता वळता बघायच्या, मोठ्याने म्हणायच्या. लिहायला फक्त शेवटची पंधरा मिनिटं. बिडी घट्ट वळायची सवय असलेली बोटं पेन्सिलही तशीच दाबायची आणि टोक मोडायचं. ताई चिडायची नाही, ब्लेड घेऊन टोक काढत बसायची.

चिडायची ती गैरहजेरीवर. सरळ घरी जाऊन दारात उभी. "काहून वं, काल नाई आली?" नवरा मध्ये बोलला तर त्यालाही आत बसवायची. तिच्या हाताखाली काम करणं सोपं नव्हतं, हे मी लहान भाऊ म्हणून सांगतो. सत्काराचीही तिला आवड होती बरं का. मिळालेल्या शाली पेटीत घडी घालून ठेवल्या होत्या, कुणाला हात लावू द्यायची नाही.

सरकारी योजना येत राहिल्या. 2 ऑक्टोबर 1978 ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. वय 15 ते 35. ताईच्या वर्गात पन्नाशीच्या बायका होत्या. त्यांची नावं रजिस्टरात बसेनात, म्हणून तिने त्यांच्यासाठी वेगळी वही केली. 1988 मध्ये साक्षरता मिशन आलं, 2009 मध्ये साक्षर भारत, आणि आता उल्लास, ज्यात नोंदणी मोबाइलवर होते. प्रत्येक वेळी पाट्या आल्या, पुस्तकं आली, फोटो निघाले, आणि योजना संपली की स्वयंसेवक पांगले. माझ्या मते ताईचं खरं काम दोन योजनांच्या मधल्या वर्षांतलं आहे. तेव्हा कोणी विचारायला येत नव्हतं आणि वर्ग मात्र चालू होता.

कारण नव्याने शिकलेलं विसरायला वेळ लागत नाही. प्रमाणपत्र मिळालेली बाई वाचायला काही नसेल तर दोन वर्षांत परत अंगठ्यावर येते. त्यावर ताईचा उपाय साधा होता. विजेचं बिल, रेशनकार्ड, औषधाच्या गोळ्यांचं पाकीट, जे घरात येईल ते वर्गात आणायचं. त्या दिवशी काय वाचायचं, ते बाईच ठरवणार. एका म्हातारीने वर्षभर फक्त मुलाची पत्रं वाचली. तो भिलाईला कामाला होता. पोस्टमनकडून पत्र वाचून घ्यायची तिला लाज वाटायची, कारण त्यात सुनेच्या तक्रारी असायच्या.

2011 च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची साक्षरता 88 टक्क्यांच्या वर गेली. ते वर्तमानपत्रात वाचून ताई म्हणाली, "उरलेल्या बारा कुठं राहतात ते मले माहीत हाय."

तुझ्या तिथल्या बायकांना बिडीकार्ड नसेल, पण ठेकेदाराची हजेरीवही असेलच. तिथून सुरू कर. पहिल्या रविवारी पाट्या नेऊ नकोस, नुसती जाऊन बस आणि मजुरी कशी मोजतात ते विचार. मुलं सोबत येतील, त्यांना हाकलू नकोस. ठेकेदार कुरकुरेल, त्याच्याशी भांडण पहिल्याच महिन्यात नको. इमारत झाली की बायका दुसऱ्या साइटवर जातील. कुठे चालल्या ते आधीच विचारून ठेव.

ताईची वेगळी वही माझ्याकडे आहे. कुरिअरवर माझा भरवसा नाही, दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा. शालींचं काय करायचं ते तुझ्या आईशी बोल, माझं ती ऐकत नाही.

तुझा,
बाबा