पालखी येण्याआधी

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तेव्हा हे पत्र तुम्ही वाचायचं नाही. आई वाचून दाखवेल. आई, शेवटचा भाग दोनदा वाच, तिथे बाबांचं काम आहे.

शिमगा तोंडावर आलाय आणि गावात सगळ्यांचे हात गुंतलेत. समुद्रकाठच्या पुळणीवर आता आम्ही पंधरा-सोळा जण कचरा उचलायला नेमाने जातो. आधी रविवार धरून जायचो आणि दोनदा भरतीनेच परत पाठवलं. मग तुमचा हिशेब आठवला, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. तृतीयेला सव्वादोनला पूर्ण भरती, म्हणजे सकाळी आठला पाणी पार खाली. अमावास्येचं उधाण ओसरलं की कचऱ्याची रेघ वरच राहते, ती वाऱ्याने वाळूखाली जायच्या आत उचलायची. आता वाडीतली पोरंही वार विचारत नाहीत, तिथी विचारतात.

परवाचं जाळं मात्र विसरता येत नाही. सुरूच्या खुंटाशेजारी हिरव्या नायलॉनचा बोटभर तुकडा वर आला होता. ओढला तर हलेना. फावड्याने वाळू काढत गेलो, तो जाळं आत आतच जात होतं. दोन हात खोल गेल्यावर कळलं, अख्खा गुंता आहे. त्यात शिंपल्या, एका पायाची चप्पल, बाटल्यांची बुचं आणि नांग्या अडकून वाळलेला खेकडा. कोयत्याने तुकडे करत करत दीड तास लागला. शेवटचा तुकडा पाच जणांनी मिळून ओढला तेव्हा खड्ड्यातून कुजकट वास आला आणि कोणी काही बोललंच नाही. तिथून चाळीस पावलांवर माघात कासवीण अंडी घालून गेली होती. तिच्या वाटेत हे आलं असतं तर, एवढंच माझ्या मनात होतं.

त्या घरट्यातली शंभराच्या वर अंडी आपल्या कासवमित्राने त्याच दिवशी जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल पुरली. पन्नासेक दिवस लागतात, म्हणजे पिल्लं शिमग्यानंतर. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्रने 2002 मध्ये हे काम सुरू केलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "अंडी नेणारी माणसं अंडी राखायला लागली, हे बघून यायला हवं." बाबा, आता आपल्याच पुळणीवर बघायला या. किनाऱ्यावर मोठे दिवे लावायचं बैठकीत चाललंय. मी उभी राहून विरोध केला. पिल्लं उजेडाकडे धावतात, समुद्राऐवजी रस्त्यावर येतील. काहींना राग आला, पण मी मागे हटणार नाही.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली, ती तुम्हाला सांगायलाच हवी. पहिल्या श्रमदानाला आम्ही मर्यादवेल तण समजून उपटायला लागलो. जांभळ्या फुलांसकट दोन ढीग घातले. तेवढ्यात खालच्या वाडीतली आजी आली, माझ्या हातातला विळा काढून घेतला आणि म्हणाली, "ही गेली की वाळू तुझ्या आगरात येईल गो." 3 जून 2020 ला निसर्ग वादळात सुरूची अख्खी रांग आडवी झाली ती तुम्ही पाहिलीत. वेल मात्र वाळू धरून तिथेच होती, आणि तीच आम्ही काढत होतो. मला फार लाज वाटली. आता पावसात तिचे पेरे वाळूत दाबून लावायचे ठरवलंय, प्रत्येक पेऱ्याला मूळ सुटतं. आजी स्वतः दाखवणार आहे.

सिमेंटची बाकं आली, पारापाशी बसवली. बसायला बरी आहेत.

आता तुमचं काम. पालखी ज्या पाखाडीच्या दगडी वाटेने सहाणेच्या ओट्याकडे जाते, तिचे चिरे यंदाच्या पावसाने सुटलेत. चिंचेच्या वळणावर तर खांदेकऱ्यांचा पाय घसरेल अशी अवस्था आहे. आम्ही सहा जण चिरे उचलून खालची माती काढायला बसलो, तर तीन चिऱ्यांखाली दगडाच्या लहान कपऱ्या नीट पाचरीसारख्या ठोकलेल्या सापडल्या. तेवढे तीन चिरे जागचे हलले नव्हते. शेजारचे काका म्हणाले, "हे तुझ्या बापाचं काम. देवळात येता-जाता काठीने चिरा चाचपायचा, आणि डुगडुगला की खाली बसायचा." बाबा, लहानपणी तुम्ही मध्येच थांबलात की मी कंटाळून पुढे पळायचे. तुम्ही काय करताय ते कधी मागे वळून पाहिलंच नाही.

आम्हीही आता तशाच कपऱ्या ठोकतोय. पण पाणी पाखाडीवरूनच वाहतंय, कारण खालून पाणी काढून देणारी जुनी मोरी बुजली आहे आणि ती नेमकी कुठे होती ते कोणालाच सांगता येत नाही. उगाच चार ठिकाणी खणलं तर धड असलेली पाखाडीही मोडेल.

आई, तूही आठव. पऱ्यावर धुणं न्यायचीस तेव्हा पाणी कुठून पडायचं?

उद्या रात्री आठला फोन करते. तोवर आठवून ठेवा, बाबा. मोरी चिंचेच्या वरच्या अंगाला होती की खालच्या?

तुमची लेक