‘पंपिंग उत्तम’ म्हणजे हृदय उत्तम नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२९ सप्टेंबरच्या जागतिक हृदय दिनानिमित्त आपण काढलेली पुरवणी वाचली. ब्लॉकेज, अँजिओप्लास्टी, कोलेस्टेरॉल यांवरचे लेख उपयोगी आहेत. पण हृदय ज्या पिशवीत बसलेले असते, तिच्याविषयी एक ओळही त्यात नव्हती. त्या पिशवीच्या आजारात आमच्या घराची दीड वर्षे गेली, म्हणून हे पत्र.

माझे थोरले बंधू माळकरी. आयुष्यात दारूला शिवले नाहीत. त्यांच्या पोटात पाणी होऊ लागले, सोनोग्राफीत लिव्हर सुजलेले दिसले, आणि पहिला प्रश्न आला, ‘रोज किती घेता?’ नाही म्हटले तरी कोणाला पटेना. गावात कुजबुज सुरू झाली की माळ नुसती दाखवायला आहे. लिव्हरच्या गोळ्या, लघवी होण्याच्या गोळ्या आणि दर महिन्या-दीड महिन्याने सुई टोचून पाणी काढणे, असे दीड वर्ष चालले. मध्ये टू-डी इकोही झाला. ‘पंपिंग साठ टक्के, उत्तम’ असा रिपोर्ट आला आणि हृदयाचा विषय तिथेच मिटला.

पुढे दुसऱ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी दादांना उशांना टेकवून अर्धवट बसवले आणि बराच वेळ नुसती मान पाहिली. मानेच्या शिरा पार कानापर्यंत तट्ट फुगलेल्या होत्या. श्वास आत घेतला की त्या उतरायला हव्यात. दादांच्या आणखी वर चढत होत्या. नुसते लिव्हर खराब असेल तर पोट फुगते, पण मानेच्या शिरा अशा फुगत नाहीत, हे त्यांनी आम्हाला शांतपणे समजावले. सीटी स्कॅनमध्ये हृदयाचे आवरण जाड झालेले आणि त्यात कॅल्शियम साचलेले निघाले.

हे आवरण, डॉक्टर ज्याला पेरिकार्डियम म्हणतात, निरोगी माणसात जेमतेम १-२ मिलिमीटर जाड असते. बाहेरचा थर चिवट, आतले थर गुळगुळीत, आणि मध्ये १५ ते ५० मिलिलिटर पाणी, हृदय घासू नये म्हणून. तिथे पाणी भराभर साठले तर दीड-दोनशे मिलिलिटरनेही हृदय दबून जीव जाऊ शकतो. सावकाश साठले तर लिटरभरही मावते. आपल्याकडे हा आजार होण्याचे मोठे कारण टीबी. टीबी फक्त फुफ्फुसाचा असतो, असे आम्हीही समजत होतो. दादांना त्याआधी दोन-तीन महिने संध्याकाळी बारीक ताप यायचा, वजनही उतरले होते. त्याकडे आम्ही लक्ष दिले नाही, ही आमची चूक.

टीबीने सुजलेले आवरण कालांतराने घट्ट होऊन हृदयाला आवळते. हृदय आकुंचन नीट पावते, पण त्याला फुलायला जागा उरत नाही. परत येणारे रक्त दाराशीच अडते, लिव्हर सुजते, पोटात पाणी होते आणि पायांवरही सूज येते. आत आलेल्या रक्तापैकी किती बाहेर फेकले गेले, एवढेच पंपिंगचा आकडा सांगतो. मुळात आत किती आले, हे तो सांगत नाही. इकोला पाठवतानाच ‘आवरण पाहा’ असे लिहिले असते, तर कदाचित दीड वर्ष वाचले असते.

टीबीची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात, साधारण सहा महिने घ्यावी लागतात, आणि वेळेवर सुरू झाली तर अनेकांना ऑपरेशनची गरजच पडत नाही. दादांची ती वेळ टळून गेली होती. छाती उघडून ते कडक आवरण सोलून काढावे लागले.

माझी विनंती आहे की आपण एखाद्या हृदयरोगतज्ज्ञांकडून या विषयावर सविस्तर लिहून घ्यावे, आणि ते ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोहोचेल असे पाहावे. पोटात पाणी झालेल्या प्रत्येक रुग्णाची मान पाहायला पैसे लागत नाहीत.

दादा आता शेतात जातात. त्यांच्या जुन्या फाइलच्या पहिल्या पानावर ‘मद्यपान?’ असे लिहिलेले होते. तो शब्द खोडून घ्यायला वहिनी स्वतः त्या दवाखान्यात जाऊन आल्या.

आपला,
एक वाचक, जि. लातूर