वाक्प्रचाराचा नुसता अर्थ पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शालेय पुरवणीत इंग्रजी वाक्प्रचारांचा तक्ता येतो. माझी दहावीतली मुलगी तो कापून वहीत चिकटवते. त्याविषयीच लिहीत आहे.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत २२ वर्षं कॉस्टिंगचं काम करतो. परदेशी गिऱ्हाइकांच्या ईमेल माझ्याकडेच येतात. एका अमेरिकन खरेदीदारानं कळवलं, की तुमचा प्रस्ताव आम्ही 'टेबल' केला आहे. आपल्याकडे विधानसभेत अहवाल टेबल झाला म्हणजे पटलावर मांडला गेला. मी तोच अर्थ धरला आणि पॅटर्नवाल्याला, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुना बनवणाऱ्याला, काम सुरू करायला सांगितलं. अमेरिकेत मात्र 'टेबल करणं' म्हणजे विषय तूर्त बाजूला ठेवणं! पॅटर्न तयार झाला, ऑर्डर आलीच नाही. तो लाकडी पॅटर्न अजून आमच्या स्टोअरमध्ये पडून आहे. पुढे वाचनात आलं, की दुसऱ्या महायुद्धात याच शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांत मोठा वाद झाला होता, तोही मुद्द्यावर एकमत असताना. खुद्द चर्चिल यांनी ते लिहून ठेवलं आहे.

परवा मुलीच्या वहीत 'स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट' याच्यापुढे 'तापल्या तव्यावर पोळी भाजून घेणे' असं दिसलं. मला ते खटकलं. इंग्रजी वाक्प्रचार लोहाराच्या भट्टीतला आहे. लोखंड लाल आहे तोवर घण घाला, गार झाल्यावर आकार येणार नाही, इतका सरळ सल्ला. आपण मात्र एखाद्यानं पोळी भाजून घेतली म्हणतो, तेव्हा त्यानं संधी साधून स्वतःचा फायदा केला असा ठपका ठेवतो. उद्या कुणी तिला इंग्रजीत हा सल्ला दिला, तर तिला तो टोमणा वाटेल.

'किक द बकेट' पुढे नुसतं 'मरणे' आहे. तो इंग्रजी वाक्प्रचार आपल्या 'गचकणे'च्या जातीचा. सांत्वनाच्या पत्रात कुणी लिहिला तर केवढं दुखावणारं होईल!

म्हणून विनंती, की दर आठवड्याला वाक्प्रचार दोनच द्या. पण तो कोण कुणाला म्हणतं, कोणत्या देशात, कामाच्या पत्रात चालतो की फक्त गप्पांत, हे एखाद्या पूर्ण वाक्यासह द्या.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर